नागपूरच्या हवेत फ्युएल सेलचं संकरित मेम्ब्रेन बनवताना

हायड्रोजन आणि ऑक्सिजनपासून वीज बनवणाऱ्या फ्युएल सेलच्या मधोमध जे मेम्ब्रेन (पातळ पडदा) असतं, त्याला एकाच वेळी तीन कामं करायची असतात. प्रोटॉन आरपार जाऊ द्यायचे, हायड्रोजन आणि ऑक्सिजन एकमेकांपर्यंत पोहोचू द्यायचे नाहीत, आणि इलेक्ट्रॉनना बाहेरच्या तारेचाच रस्ता धरायला लावायचा. ड्युपॉन्टमध्ये वॉल्थर ग्रोट यांनी १९६०च्या दशकात घडवलेलं नाफिऑन ही तिन्ही कामं इतकी चोख करतं की आजही प्रत्येक नव्या मेम्ब्रेनची तुलना त्याच्याशीच होते. पण ते महाग आहे, फ्लोरिनयुक्त आहे, आणि ८० अंशांच्या वर किंवा कोरड्या गॅसवर त्यातलं पाणी उडालं की त्याची प्रोटॉन वाहण्याची क्षमता झपाट्याने घसरते. आम्ही नागपुरात जो पर्याय हाताळतो तो असा: पॉलिइथर इथर कीटोन, म्हणजे पीईईके, या पॉलिमरवर सल्फोनिक गट (प्रोटॉन वाहू देणारे ॲसिडचे गट) बसवायचे (त्याला स्पीक म्हणतात) आणि त्यात सिलिकाचे नॅनोकण घालायचे. सेंद्रिय पॉलिमर आणि असेंद्रिय कण यांचा मेळ, म्हणून संकरित मेम्ब्रेन.

या कामात सगळ्यात जास्त नडतं ते पाणी. ॲसिडमधलं, सॉल्व्हंटमधलं, हवेतलं, नळातलं, आणि शेवटी मेम्ब्रेनमधलं. शोधनिबंधात 'खोलीच्या तापमानाला ढवळा' एवढंच छापलेलं असतं. नागपुरात डिसेंबरच्या सकाळी प्रयोगशाळा १५ अंशांच्या आसपास असते, नवतप्यात बंद खोली ४० च्या वर जाते. मे महिन्याच्या दुपारी आर्द्रता २० टक्क्यांच्या खाली उतरते, जुलै-ऑगस्टमध्ये ८० च्या वर चढते. कृती तीच ठेवली तरी प्रत्येक ऋतूत वेगळं मेम्ब्रेन हाती येतं. म्हणून खाली प्रत्येक पायरीवर हवामानाचा हिशेब दिला आहे.

सल्फोनेशन

पीईईके पावडर घ्यावी, दाणे नकोत. दाण्याचा बाहेरचा थर जास्त सल्फोनेट होतो आणि गाभा कोराच राहतो. ५ ग्रॅम पावडर १०० अंशांना रात्रभर सुकवायची आणि १०० मिली तीव्र सल्फ्युरिक ॲसिडमध्ये थोडी थोडी टाकायची. ॲसिड ९५ ते ९८ टक्के हवं. ओलियम किंवा क्लोरोसल्फोनिक ॲसिडने काम लवकर होतं, पण साखळ्या सल्फोन पुलांनी एकमेकींना जोडल्या जातात किंवा तुटतात. ९५-९८ टक्क्यांच्या ॲसिडमधलं ते दोन-पाच टक्के पाणीच हे पूल होऊ देत नाही. उलट बाजूने, पाणी वाढलं की वेग मंदावतो, आणि क्रिया होताना पाणी तयारही होतच असतं. पावसाळ्यात अर्धी वापरलेली ॲसिडची बाटली हवेतला ओलावा ओढून घेते, म्हणून जुलैत ५०० मिलीची सीलबंद बाटली फोडून तेवढ्यातच काम संपवलेलं बरं.

ढवळायला मॅग्नेटिक स्टरर पुरत नाही. पहिल्या तासात पावडर फुगून गोळे होतात, मग द्रावण घट्ट होतं आणि मॅग्नेट जागेवर थांबतो. वरून फिरणारा मोटरचा स्टरर आणि टेफ्लॉनचं पातं लागतं. द्रावण आधी नारिंगी, मग गडद लाल होतं. सगळी पावडर विरघळली की बाथ ५० अंशांवर नेतो. तिथे साधारण तीन ते पाच तासांत सल्फोनेशनचं प्रमाण ०.६ ते ०.७ च्या घरात जातं, म्हणजे साखळीतल्या दर १०० एककांपैकी ६० ते ७० एककांवर एकेक सल्फोनिक गट बसतो. गट बसतो तो दोन इथर बंधांच्या मधल्या कड्यावर. एक बसला की ते कडं दुसऱ्याला सहज जागा देत नाही, त्यामुळे प्रमाण १ च्या वर जाण्याची भीती नसते. खरी भीती ०.८ च्या पुढे गेल्यावर गरम पाण्यात मेम्ब्रेनचा लगदा होण्याची आहे. ०.४ च्या खाली राहिलं तर सॉल्व्हंटमध्ये नीट विरघळत नाही आणि प्रोटॉनही फारसे वाहत नाहीत. आमचं लक्ष्य ०.६ ते ०.६५.

खोलीच्या तापमानाला दोन-तीन दिवस ढवळत ठेवण्याची पद्धतही आहे, पण नागपुरात ती वापरू नये. मेमध्ये प्रमाण हाताबाहेर जातं, डिसेंबरात कच्चं राहतं. तापमान धरून ठेवणारा बाथच हवा. मध्येच लाईट गेली तर स्टरर थांबतो, क्रिया मात्र गरम ॲसिडमध्ये चालूच राहते, म्हणून तो वेळ हिशेबातून वगळायचा नाही.

धुणं

ठरलेल्या वेळी द्रावण बारीक धारेने बर्फाच्या पाण्यात सोडायचं. १०० मिली ॲसिडला किमान दीड लिटर पाणी, आणि पाणी सतत ढवळत ठेवायचं. नेहमी ॲसिड पाण्यात, पाणी ॲसिडमध्ये कधीच नाही. चेहऱ्यावर शील्ड, अंगात ॲप्रन. पांढऱ्या शेवयांसारखे धागे पडतात. धार जाड पडली तर जाड वेटोळी होतात आणि त्यांच्या पोटात ॲसिड अडकून बसतं.

बर्फसुद्धा डीआय (डी-आयोनाइज्ड, म्हणजे आयन काढून टाकलेल्या) पाण्याचाच हवा, आणि ही सूचना नव्या मुलांना हटकून सांगावी लागते. पेंच आणि कन्हानचं नळाचं पाणी असो की बोअरचं, त्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम असतंच. कॅल्शियमचा एक आयन दोन सल्फोनिक गटांना धरून बसतो, प्रोटॉनची जागा अडवतो आणि साखळ्या बांधून टाकतो. नंतर ॲसिडमध्ये बुडवून तो बराचसा काढता येतो, पण आधीच आत येऊ न देणं कितीतरी सोपं आहे.

'पीएच ७ येईपर्यंत धुवा' हे वाक्य आंधळेपणाने पाळलं तर धुणं कधीच संपत नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळल्यामुळे डीआय पाणी स्वतःच साडेपाच ते सहा दाखवतं. म्हणून शेजारी कोरं डीआय पाणी ठेवायचं, धुतलेल्या पाण्याचा पीएच त्याच्याशी जुळला की नमुन्यात बेरियम क्लोराइडचे थेंब टाकायचे. पांढरा गढूळपणा आला नाही म्हणजे सल्फेट गेलं. ॲसिड उरलं तर सुकवताना धागे पिवळे, मग तपकिरी पडतात आणि साखळ्या तुटतात. प्रमाण ०.७ च्या पुढे गेलं असेल तर धागे फुगून जेलीसारखे होतात आणि गाळणी तुंबते. अशा वेळी पाणी आणखी थंड ठेवायचं.

सुकवताना आधी ६० अंश, पाणी निघून गेल्यावर ८० ते १०० अंश आणि व्हॅक्यूम. ओले धागे थेट १०० वर टाकले तर एकच चिकट गोळा होतो.

सांडपाण्याचंही सांगायला हवं. १०० मिली तीव्र ॲसिड उदासीन करायला साधारण १४० ग्रॅम विरलेला चुना लागतो, आणि तो थोडा थोडाच घालायचा. खाली बसतं ते जिप्सम. ते गाळून वेगळं काढायचं, सिंकमध्ये सोडायचं नाही.

किती गट बसले हे मोजणं

०.२ ग्रॅम कोरडं स्पीक ५० मिली २ मोलर मिठाच्या द्रावणात २४ तास ठेवायचं. सोडियम आत जातो, प्रोटॉन बाहेर येतात. ते ०.०१ मोलर कॉस्टिक सोड्याने, फिनॉल्फ्थॅलीन टाकून मोजायचे. प्रतिग्रॅम १.८ मिलिइक्विव्हॅलंट (म्हणजे १.८ मिलिमोल प्रोटॉन) असेल तर ब्युरेटमधून ३६ मिली उतरतं. या आकड्याला आयईसी (आयन एक्स्चेंज कपॅसिटी, म्हणजे आयन बदलून घेण्याची क्षमता) म्हणतात. सल्फोनेशनचं प्रमाण काढायला आयईसीला २८८ ने गुणायचं, १००० मधून आयईसीची ८० पट वजा करायची, आणि पहिल्याला दुसऱ्याने भागायचं. १.८ ला हे ०.६ च्या किंचित वर येतं. नाफिऑनचा आयईसी साधारण ०.९ असतो, म्हणजे स्पीकमध्ये गट दुप्पट असूनही वहन बरोबरीचं किंवा कमीच मिळतं, कारण स्पीकची साखळी ताठ आहे आणि त्यातल्या पाण्याच्या वाटा अरुंद, तुटक असतात. ही मर्यादा ओळखूनच पुढचं सगळं करायचं आहे.

दोन गोष्टी आकडा बिघडवतात. कॉस्टिकचं पातळ द्रावण हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून कमजोर होतं, म्हणून त्याच दिवशी पोटॅशियम हायड्रोजन थॅलेटने त्याची तीव्रता तपासायची. आणि पावसाळ्यात स्पीक तराजूवर ठेवल्या क्षणापासून ओलावा घेतं. डेसिकेटरमधून झाकणाच्या बाटलीत काढून बाटलीसकट वजन केलं तरच ते वजन खरं.

सिलिका

दोन वाटा आहेत. टीईओएस (टेट्राइथाइल ऑर्थोसिलिकेट, पाण्याशी क्रिया होऊन सिलिका देणारा द्रव) यापासून द्रावणातच सिलिका घडवायची, किंवा तयार कण घालायचे.

पहिल्या वाटेचा हिशेब असा. २ ग्रॅम स्पीक १८ ग्रॅम डीएमएसी (डायमिथाइल ॲसिटामाइड) या सॉल्व्हंटमध्ये विरघळवून काचेच्या गाळणीतून गाळायचं. मेम्ब्रेनमध्ये ५ टक्के सिलिका हवी तर ०.१०५ ग्रॅम सिलिका लागते. १ ग्रॅम टीईओएसपासून ०.२९ ग्रॅम सिलिका मिळते, म्हणून ०.३६५ ग्रॅम टीईओएस, म्हणजे जेमतेम ०.४ मिली. एका टीईओएसला चार रेणू पाणी धरलं तर पाणी ०.१२६ ग्रॅम. वेगळं ॲसिड लागत नाही, स्पीकचे सल्फोनिक गटच ते काम करतात. टीईओएस २ मिली डीएमएसीमध्ये मिसळून थेंब थेंब सोडायचं, मग मोजलेलं पाणीही तसंच, आणि २५ ते ३० अंशांच्या बाथमध्ये चार ते सहा तास ढवळायचं.

आता तो ०.१२६ ग्रॅमचा आकडा पाहा. डीएमएसी पाणी ओढतो. जुलैत उघड्या राहिलेल्या बाटलीत १ टक्का पाणी शिरलं असेल, तर १८ ग्रॅममध्येच ०.१८ ग्रॅम पाणी आलं, म्हणजे आपण मोजून घातलं त्याहून जास्त. मग सिलिका कुठे किती वेगाने बनते यावर आपला ताबा उरत नाही. कण मोठे होतात, गुठळ्या होतात, मेम्ब्रेन धुरकट येतं. म्हणून सॉल्व्हंट मॉलिक्युलर सीव्हवर (पाणी शोषणाऱ्या सूक्ष्मछिद्री दाण्यांवर) सुकवायचा आणि कार्ल फिशर यंत्राने त्यातलं पाणी मोजायचं. हे यंत्र हाताशी नसेल तर पावसाळ्यात दरवेळी नवी छोटी बाटली फोडावी. मेमध्ये उलटा त्रास होतो. बाथ न लावता ४० अंशांच्या खोलीत ढवळलं तर कण पॉलिमरमध्ये नीट पसरण्याआधीच एकमेकांना जोडले जातात.

दुसऱ्या वाटेत १२ नॅनोमीटरच्या आसपासची फ्यूम्ड सिलिका १२० अंशांना सुकवून ५ मिली डीएमएसीमध्ये प्रोब सोनिकेटरने, बर्फात ठेवून, थांबून थांबून अर्धा तास फोडायची. मग त्यात स्पीकच्या द्रावणाचा दहावा हिस्सा घालून पुन्हा फोडायचं, म्हणजे कणांवर पॉलिमरचा पातळ लेप बसतो. उरलेलं द्रावण त्यानंतर. सगळं एकदम ओतलं तर कण पुन्हा एकत्र येतात. नव्याने सुरुवात करणाऱ्याने ही वाट धरावी असं आमचं मत आहे, कारण यात हवामानाचा हस्तक्षेप कमी आहे.

नागपूरच्या आजूबाजूला सिलिकाचे दोन ढीग आहेत, म्हणून त्यांच्याबद्दल नेहमी विचारणा होते. एक म्हणजे कोराडी-खापरखेड्याच्या वीजकेंद्रांची राख. ती इथे नको. तिच्यात लोह आणि कॅल्शियम आहे, आणि लोह मेम्ब्रेनला मारक आहे. कारण पुढे येतंच. दुसरा भंडारा-गोंदियाच्या राईस मिलचा कोंडा (म्हणजे भाताचं तूस), आणि तो मात्र खरंच उपयोगी आहे. कोंडा धुवून १ मोलर हायड्रोक्लोरिक ॲसिडमध्ये तास-दोन तास उकळायचा, धुवून सुकवायचा आणि ६०० ते ७०० अंशांना जाळायचा. आधी ॲसिड दिलं नाही तर त्यातलं पोटॅशियम वितळून कार्बन आत कोंडतं आणि राख करडी राहते. त्याहून जास्त तापवलं तर सिलिका स्फटिकी होऊ लागते. पांढरी राख कॉस्टिकमध्ये विरघळवून पुन्हा ॲसिडने साका पाडता येते, पण मग सोडियम शेवटच्या कणापर्यंत धुवून काढावं लागतं, नाहीतर ते सल्फोनिक गटांवर जाऊन बसतं.

सिलिका किती घालावी? नुसती सिलिका प्रोटॉन वाहत नाही, ती पाणी धरून ठेवते. त्यामुळे भरपूर ओलाव्यात संकरित मेम्ब्रेनचं वहन साध्या स्पीकपेक्षा थोडं कमीच येऊ शकतं. फायदा दिसतो तो कोरड्या गॅसवर, आणि फुगणं आवरण्यात. ३ ते ७ टक्के ही आमची पट्टी. १० च्या पुढे मेम्ब्रेन ठिसूळ होतं. वहनही हवं असेल तर मर्कॅप्टोप्रोपिल ट्रायमेथॉक्सिसिलेनने सिलिकावर गंधकाचे गट बसवून, हायड्रोजन पेरॉक्साइडने ते सल्फोनिक करून घ्यायचे. हे ऑक्सिडेशन कणांवर आधीच उरकायचं. मेम्ब्रेन बनल्यावर केलं तर पेरॉक्साइड स्पीकलाही खातो. फॉस्फोटंगस्टिक ॲसिड नुसतंच मिसळणाऱ्यांना सुरुवातीला सुंदर आकडे मिळतात, पण ते पाण्यात विरघळतं आणि सेलमध्ये तयार होणाऱ्या पाण्याबरोबर हळूहळू निघून जातं. ते सिलिकावर घट्ट बांधलं तरच उपयोग.

ओतणं आणि सुकवणं

इथे सगळ्यात जास्त मेम्ब्रेन वाया जातात. ९ सेंटिमीटरच्या डिशचं क्षेत्रफळ ६३.६ चौरस सेंटिमीटर. ५० मायक्रॉन जाडी हवी आणि पॉलिमरची घनता १.३५ धरली तर ०.४३ ग्रॅम घन पदार्थ लागतो, म्हणजे १० टक्क्यांचं साधारण ४.३ ग्रॅम द्रावण. एवढ्या द्रावणाचा ओला थर जेमतेम ०.७ मिलिमीटर. ओव्हनची जाळी फक्त १ अंशाने कललेली असेल तर ९ सेंटिमीटरवर दीड मिलिमीटरहून जास्त फरक पडतो. म्हणजे वरच्या कडेला काही उरतच नाही. पाणसळ टेबलावर लावून उपयोग नाही, ओव्हनच्या आत, ज्या जाळीवर डिश बसणार तिच्यावर, दोन्ही दिशांनी लावायची. डिशचा तळही तपासायचा; साध्या डिशचा तळ मध्ये फुगीर असतो. सपाट काचेवर चौकट बसवून केलेला साचा जास्त भरवशाचा.

ओतण्याआधी द्रावण हलक्या व्हॅक्यूममध्ये ठेवून बुडबुडे काढायचे. एक बुडबुडा म्हणजे एक पिनहोल, आणि एका पिनहोलने पूर्ण मेम्ब्रेन बाद.

६० अंशांना १२ ते २४ तास, मग व्हॅक्यूममध्ये ८० आणि शेवटी १०० अंश. सुरुवातीलाच तापमान जास्त ठेवलं तर वर साय धरते, खालचा सॉल्व्हंट तिला फोडून बाहेर येतो आणि पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत होतो. १२० च्या वर नेण्याचा मोह टाळावा. सल्फोनिक ॲसिडच्या संगतीत डीएमएसी तापला की त्याचं विघटन होऊन डायमिथाइल अमाइन निघतं आणि ते सल्फोनिक गटांनाच चिकटतं. मेम्ब्रेन दिसायला निर्दोष, आयईसी मात्र घसरलेला. डीएमएफ (डायमिथाइल फॉर्मामाइड) या सॉल्व्हंटमध्ये हाच त्रास आहे. हे सॉल्व्हंट प्रजननसंस्थेला घातक आहेत आणि नायट्राइल ग्लोव्हमधून लवकर आरपार जातात, त्यामुळे ब्युटाइल रबरचे ग्लोव्ह आणि फ्यूम हूड हवाच.

पावसाळ्यात ओल्या थराने हवेतलं पाणी ओढलं की पॉलिमर बाहेर पडू लागतो आणि मेम्ब्रेन दुधाळ होतं. त्याच्या आत सूक्ष्म पोकळ्या असतात, त्यातून हायड्रोजन सरळ पलीकडे जातो. उपाय म्हणजे ओव्हनमध्ये कोरड्या नायट्रोजनचा मंद प्रवाह. तो नसेल तर ओतण्याचं काम कोरड्या पेटीत करून डिश झाकूनच ओव्हनमध्ये न्यायची. डिशवर उलटं फनेल, फनेलच्या तोंडाशी फिल्टर पेपर; वाफ सावकाश निघते आणि धूळ पडत नाही.

उन्हाळ्यात हवा कोरडी म्हणून ओतायला सोयीची, हे खरं. पण नागपुरात उन्हाळा म्हणजे कूलर. खसच्या ताट्यांतून येणारा झोत खोलीची आर्द्रता सहज ६० टक्क्यांच्या आसपास नेतो, आणि त्याच्याबरोबर टाकीतल्या पाण्याचे क्षारयुक्त तुषारही उडू शकतात. म्हणजे बाहेर २० टक्के आणि आत पावसाळा. ओतण्याच्या खोलीत कूलर नको, एसी हवा, आणि भिंतीवर आर्द्रतामापक हवा. ४० टक्क्यांच्या वर काटा असेल तर आम्ही उघड्यावर ओतत नाही.

दोष कुठला हे मेम्ब्रेन उजेडाकडे धरून कळतं. फक्त हवेकडची बाजू दुधाळ असेल तर ओलावा. सगळीकडे सारखं धुरकट असेल तर सिलिकाच्या गुठळ्या. काचेकडची बाजू मंद आणि वरची चकचकीत असेल तर कण तळाला बसले आहेत. द्रावण थोडं घट्ट घ्यायचं, १२ ते १५ टक्के.

वादळी संध्याकाळी लाईट गेली तर व्हॅक्यूम पंपातलं तेल नळीतून उलटं ओव्हनकडे येतं. मधे ट्रॅप आणि परतीचा प्रवाह अडवणारा व्हॉल्व्ह नसेल तर हाती तेलाचा वास मारणारी मेम्ब्रेन लागतात.

सुकलेलं मेम्ब्रेन काचेवरून सुरीने सोडवायचं नाही. डिशमध्ये डीआय पाणी ओतलं की ते काही मिनिटांत आपोआप सुटतं. मग १ मोलर सल्फ्युरिक ॲसिडमध्ये २४ तास, त्यानंतर डीआय पाणी बदलत बदलत धुणं. नाफिऑनसाठीची ८० अंशांच्या पेरॉक्साइडची पायरी स्पीकला द्यायची नाही. तयार मेम्ब्रेन मेमध्ये उघडं पडलं तर कडा तडकतात, म्हणून फिल्टर पेपरमध्ये सपाट ठेवून सीलबंद पिशवीत.

मोजमाप

पाणी धरण्याची क्षमता मोजताना ओलं मेम्ब्रेन टिपून तराजूवर ठेवतात. मेच्या कोरड्या हवेत आकडा डोळ्यांसमोर उतरत राहतो. इथेही झाकणाची बाटली. २५, ६० आणि ८० अंश अशा तिन्ही ठिकाणी मोजायचं, आणि लांबी-जाडीतला फरकही नोंदवायचा. ८० अंशांना जे आवरून राहतं तेच पुढे न्यायचं.

वहन चार प्रोबच्या पट्टीवर, इम्पीडन्सने (एसी प्रवाहाने रोध मोजून). आतल्या दोन प्रोबमधलं अंतर १ सेंटिमीटर, पट्टीची रुंदी १ सेंटिमीटर, जाडी ५० मायक्रॉन आणि रोध २००० ओहम आला तर वहन प्रति सेंटिमीटर ०.१ सीमेन्स. जाडी ओल्या मेम्ब्रेनची घ्यायची. कोरडी घेतली तर आकडा फुगतो. प्रत्येक मालिकेत नाफिऑन २१२ ची एक पट्टी बसवायची. पाण्यात ती ०.१ च्या आसपास दाखवत नसेल तर दोष जोडणीत आहे, आपल्या मेम्ब्रेनकडे बोट दाखवायचं नाही.

टीजीएमध्ये (तापवत नेत वजनातली घट मोजणाऱ्या चाचणीत) १५० अंशांपर्यंत पाणी, साधारण २५० ते ४०० मध्ये सल्फोनिक गट, ५०० च्या पुढे मुख्य साखळी जाते. हवेत ८०० अंशांपर्यंत नेल्यावर उरते ती सिलिका. घातली तेवढी खरंच आत आहे का, हे इथे समजतं.

मग फेंटन चाचणी. ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड, त्यात लाखात नव्हे तर दहा लाखांत दोन-चार भाग लोह, ८० अंश. लोह पेरॉक्साइडपासून हायड्रॉक्सिल रॅडिकल तयार करतं आणि ते साखळी तोडतात. स्पीक काही तासांत तुकडे होऊन पडतं, नाफिऑन टिकतं. इतक्या कणभर लोहाने हे होतं, म्हणून राखेची सिलिका नको आणि स्टीलचा चिमटाही नको, टेफ्लॉनचा वापरावा. सिरियमचे आयन किंवा सिरिया (सिरियम ऑक्साइड) हे रॅडिकल निकामी करतात. अर्धा-एक टक्का सिरिया सिलिकेबरोबर घालणं आम्हाला करण्याजोगं वाटतं, मात्र सिरियम सुटून आयन झालं तर तेही सल्फोनिक गट अडवतं.

सेलमध्ये

५ चौरस सेंटिमीटरच्या सेलपासून सुरुवात करावी. इलेक्ट्रोडवर प्लॅटिनम दर चौरस सेंटिमीटरला ०.३ ते ०.५ मिलिग्रॅम. स्पीक पूर्ण कोरडं असताना हॉट प्रेस केलं तर तडकतं, किंचित ओलसर हवं. गॅस्केटची जाडी अशी निवडायची की कार्बन पेपर २० ते ३० टक्के दबेल. बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे, टॉर्क पान्याने. नायट्रोजन भरून गळती तपासल्याशिवाय हायड्रोजन नाही. हवेत ४ ते ७५ टक्के हायड्रोजन पेट घेतो आणि वर छताशी साठतो, म्हणून डिटेक्टर छताजवळ. सिलिंडर साखळीने बांधलेला, सावलीत. मेच्या उन्हात व्हरांड्यात ठेवायचा नाही.

प्रवाह काढायला दर अँपिअरमागे मिनिटाला ७ मिली हायड्रोजन आणि १६.६ मिली हवा धरायची. ५ अँपिअरला, हायड्रोजन दीडपट आणि हवा दुप्पट दिली तर अनुक्रमे ५३ आणि १६६ मिली. सेल ८० अंशांवर असताना गॅसची आर्द्रता ५० टक्के हवी असेल तर बबलर (गॅसला गरम पाण्यातून नेऊन ओलावणारी बाटली) ६४ अंशांवर. बबलरपासून सेलपर्यंतची नळी तापलेली नसेल तर वाटेतच पाणी साचतं, आणि डिसेंबरात हे हमखास होतं.

पहिला आकडा ओपन सर्किट व्होल्टेजचा (करंट न घेता मिळणारं व्होल्टेज). ०.९५ ते १ व्होल्ट असेल तर पुढे जायचं. ०.९ च्या खाली असेल तर गॅस पलीकडे जातोय किंवा शॉर्ट आहे. हे दोन्ही वेगळे ओळखायला कॅथोडकडे (ऑक्सिजनच्या बाजूला) नायट्रोजन देऊन ० ते ०.५ व्होल्ट सावकाश स्वीप करायचा. करंट एका पातळीवर सपाट झाला तर ती हायड्रोजनची गळती. दर चौरस सेंटिमीटरला १-२ मिलिअँपिअर चालतं. रेषा सरळ चढतच राहिली तर इलेक्ट्रॉनिक शॉर्ट, बहुतेकदा कार्बन पेपरचा धागा मेम्ब्रेनमध्ये रुतलेला.

काही काळ चालल्यावर करंट घटत गेला आणि रोध वाढला तर इलेक्ट्रोडमधलं नाफिऑन आणि खालचं स्पीक वेगवेगळं फुगतंय, त्यामुळे थर सुटू लागलाय. इलेक्ट्रोडच्या शाईत बाइंडर म्हणून थोडं स्पीकच वापरल्यास जोड टिकतो, पण कॅथोडपर्यंत ऑक्सिजन कमी पोहोचतो. आम्ही ते फक्त मेम्ब्रेनला लागून असलेल्या पातळ थरात घालतो.

सेल उघडल्यावर आधी गॅस्केटची कड पाहायची. स्पीकची मेम्ब्रेन मधोमध क्वचित फाटतात. गॅस्केट जिथे संपते आणि इलेक्ट्रोड सुरू होतो त्या रेषेवर ओलं-कोरडं होताना चीर पडते. दोन्ही बाजूंना २५ मायक्रॉनच्या पॉलिइमाइड फिल्मची चौकट लावून, तिची खिडकी इलेक्ट्रोडपेक्षा चहूबाजूंनी १ मिलिमीटर लहान ठेवली की ताण त्या चौकटीवर जातो. सेल बंद करतानाही कोरडा नायट्रोजन फार वेळ सोडायचा नाही. बबलरमधून आलेला ओलसर नायट्रोजन पाच मिनिटं, सेल ४० अंशांपर्यंत उतरू द्यायचा, आणि चारही तोंडांना टोपणं लावायची.